कुंपणातली कोयनेल, खाडीकाठची कोयनेल

चाकणहून अंदमानला निघालो तेव्हा आमच्या सामानात पाच किलो कांदा होता. आमच्याआधी तिकडे आपल्या गावी गेलेल्या जोसेफने फोनवर बजावलं होतं, "आंटी, काही आणू नका. आणायचंच असेल तर कांदा आणा. इकडे जहाजातून येईपर्यंत निम्मा सडलेला असतो." विमानतळावर पिशवी तपासणाऱ्या मुलीने आत डोकावून आमच्याकडे पाहिलं. "चाकणचा आहे," माझे मिस्टर म्हणाले. तिने निमूट पिशवी पुढे सरकवली.

माझं नाव शमीम अत्तार. चाकणच्या जुन्या पेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, वेखंड, नागरमोथा, बाळंतिणीचा काढा, असलं सगळं. सासऱ्यांच्या वडिलांनी ते सुरू केलं. माझे मिस्टर युनूस भोसरीला फिटर होते. निवृत्त झाल्यापासून दुकानात माझ्याबरोबर बसतात आणि मला न विचारता बरण्यांच्या जागा बदलतात. आमच्या ओळखीतले जे अंदमानला जाऊन आले, ते समुद्र बघून आले. आम्ही एक झुडूप बघायला गेलो होतो. त्यामागचं कारण आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

जोसेफ हा निघोज्याजवळच्या एका कंपनीत प्रेसवर काम करतो. पस्तिशीचा आहे. त्याचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामासाठी अंदमानला नेले गेले आणि तिथेच राहिले. एकदा तो दुकानात वेखंड घ्यायला आला असताना एक कामगार हाताच्या खाजेची तक्रार करत होता. यंत्रावर लोखंड कापताना जे दुधाळ पाणी सोडतात, कूलंट, त्याने आमच्याकडच्या कितीतरी पोरांचे हात खाजतात. जोसेफने समोरच्या दवाखान्याच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. "ही पत्ती आमच्याकडे खाडीवर असते. माझी आई खाजेला हीच वापरते."

ती होती कोयनेल. पिंपरीपासून चाकणपर्यंत कंपन्यांची, शाळांची, सोसायट्यांची कुंपणं कोयनेलची असतात. आयुष्यभर रोज बघितलेलं झुडूप, आणि अत्ताराच्या घरात येऊनही मला त्याचं औषध माहीत नव्हतं. मी दवाखान्याच्या कुंपणातली थोडी पानं आणली, उकळली, त्या पाण्याने युनूसच्या पायाच्या बोटांतली जुनी खाज धुतली. आठ दिवसांत उतार पडला. मग माझी हाव वाढली. महाळुंग्याच्या रस्त्यावर एका कंपनीच्या माळ्याने कुंपण छाटून ढीग बाहेर टाकला होता. दोन पोती भरून आणली. सावलीत वाळवली, पूड केली, पुड्या बांधल्या.

पहिली पुडी दिली काळूरामला. तो निघोज्याचा, जुन्या गावकीतला, लेथवर अकरा वर्षं काम केलेला माणूस. त्याचेही हात कूलंटने खाजत होते. "रात्री लेप लावा, सकाळी धुवा," मी म्हणाले. आठवड्याने आला तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत फोडांनी भरलेले. "भाभी, तुमच्या पुडीचा उपेग न्हाई झाला," तो म्हणाला. "डाक्टर म्हनला, कूलंट बाधलंय. मशीन सोडायला सांगितलंय."

मला त्याच क्षणी शंका आली, हे माझ्या पुडीनेच झालंय. खाज अशी एकाएकी फोडांवर जात नाही. पण माझं तोंड उघडलं नाही. घरी युनूसला सांगितलं तर ते म्हणाले, "गप्प बस. डॉक्टरनेच कूलंट म्हटलंय ना? दुकानाचं नाव जाईल." उरलेली पूड मी खड्डा करून पुरली. चार महिने गेले. पुढे जोसेफ मोठ्या रजेवर गावी निघाला आणि सहज म्हणाला, "या ना आंटी, आईला भेटा." मी लगेच हो म्हणाले. मला वाटत होतं, झाड ओळखण्यात चूक झाली असेल. खाडीवरची पत्ती निराळीच निघाली, तर निदान काय चुकलं ते तरी कळेल.

पोर्ट ब्लेअर

नाव आता बदललंय, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे जुनंच घेतात. गाव डोंगरउतारावर आहे, त्यामुळे युनूसचा गुडघा पहिल्याच दिवशी बोलायला लागला. सकाळी एका मलबारी कुटुंबाच्या खानावळीत परोटा आणि माशाचं कालवण खाल्लं. वाढणारा मलबारी, चहा करणारा बंगाली, शेजारच्या टेबलावर तमिळ, आणि सगळे एकमेकांशी हिंदी बोलत होते. युनूस खूश झाले. त्यांची कंपनीतली हिंदी इथे अगदी शुद्ध ठरत होती.

पुढचा रस्ता राखीव जंगलातून जातो. गाड्या एकामागोमाग सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. ड्रायव्हरने सांगितलं, "ज्यांचं हे जंगल आहे ते आदिवासी रस्त्याकडेला दिसले तरी टक लावून बघू नका." आमच्यापुढे बसलेले पर्यटक माना उंचावत होते. मी नजर मांडीवर ठेवली. युनूस हळूच म्हणाले, "आपल्याकडे कंपन्या आल्या तेव्हा गाववाल्यांची एवढी भीड कुणी ठेवली नाही." झाडं मात्र दोन्ही बाजूंनी दिसतच होती. इतकी उंच, की खालच्या झुडपांवर सकाळी दहाला संध्याकाळ उतरलेली.

रांची वस्ती

फेरीबोटीने खाडी ओलांडली आणि तासाभराने जोसेफच्या वस्तीवर पोचलो. वीस-बावीस घरं. बऱ्याच घरांवर पत्रा आलाय, पण स्वयंपाकघरावर अजून सलाई पत्ती. पंख्यासारख्या गोल पानांचं बुटकं ताडासारखं झुडूप असतं, त्याची पानं एकावर एक रचून छप्पर करतात. पत्र्याखाली जेवण शिजवताना जीव उकडतो, पत्तीखाली नाही, असं जोसेफची बायको म्हणाली. त्याच पानात ती भात बांधून शेतावर नेते, आणि पाऊस आला तर तेच डोक्यावर धरते.

जोसेफच्या आईला सगळी वस्ती आयो म्हणते. आयो म्हणजे आईच. सत्तरीची, काटक, कपाळावर गोंदणाच्या तीन उभ्या रेघा. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या कपाळावर टिंब असतं, तसं. तिने आधी आमचे पाय धुतले. पाहुण्याचे पाय धुवायचा त्यांच्यात रिवाज आहे. युनूसनी पाय मागे घेतला, तिने घोटा धरून पुन्हा तांब्याखाली आणला. मग भाताची दारू पुढे आली. जोसेफ तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने दोन्ही वाट्या उचलून नेल्या आणि गवती चहा घातलेला कोरा चहा आणला. ना तिने काही विचारलं, ना आम्ही काही सांगितलं.

कांद्याची पिशवी सोडल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. एक कांदा नाकाशी धरून ती म्हणाली, "एवढा कडक." सुक्या मासळीत परतलेला तो कांदा त्या दिवशी तीन घरी वाटला गेला.

युनूस लंगडतात हे तिने बघितलं होतं. परसातल्या एका झुडपाचं पत्रावळीएवढं चकचकीत पान तिने तोडलं, निखाऱ्यावर मऊ केलं, खोबरेल लावून गुडघ्याला बांधलं. त्या झाडाची फळं पिकली की कुजल्यासारखा वास येतो, तरी माणसं ताप उतरायला खातात म्हणे. मी फळ हातात घेतलं आणि ओळख पटली. आमच्या मावळातल्या डोंगरांवरच्या बारतोंडीची ही थोरली बहीण. सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी बारतोंडीच्या मुळ्यांचा लाल रंग साळी लोक न्यायचे. मी हे सांगितल्यावर आयोने परसातली एक मुळी नखाने खरवडून दाखवली. आत पिवळीजर्द. "आम्ही रंगवत नाही," ती म्हणाली, "पण आता करून बघेन." सकाळी युनूस म्हणाले, गुडघा हलका वाटतो. पानामुळे की जिने नसल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही.

खाडी

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही खाडीवर गेलो. जेट्टीपाशी मगरींची सूचना लावलेली आहे. आयोने हातात लांब आकडी घेतली होती. पाण्यापासून चार हात लांब राहून ती आकडीने फांदी ओढते आणि मगच पान तोडते. चिखलातून खारफुटीची मुळं भाल्यांसारखी वर आलेली. युनूसची एक चप्पल त्या चिखलात गेली ती गेलीच.

आणि तिथे कोयनेल होती. तीच. देठ, पान, कडवट वास, सगळं तेच. पण मला ओळखायला वेळ लागला, कारण ती माझ्या डोक्याच्या वर गेली होती, वाटेल तशी पसरली होती, आणि फुलली होती. लांब नळीची पांढरी फुलं, त्यातून बाहेर आलेले जांभळट तुरे. आमच्याकडे तिला कात्रीने चौकोनी ठेवतात, फुलायची वेळच येऊ देत नाहीत. पन्नाशी उलटली तरी मी कोयनेलचं फूल बघितलं नव्हतं.

झाड तेच निघालं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण मग चूक झाड ओळखण्यात नव्हती, माझ्याच हातून दुसरीकडे कुठेतरी झाली होती.

आयोने एका फांदीची चारच पानं घेतली, मग पुढची फांदी. घरी आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने दोनदा धुतली. पाणी चहाच्या रंगाचं होईपर्यंत उकळलं, कोमट होऊ दिलं. त्यात हात बुडवायचे, थोड्या वेळाने काढायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. "ठेवायचं नाही अंगावर," ती म्हणाली. "कडू आहे. कडू गोष्ट आली तशी गेली पाहिजे."

"वाळवून पूड केली तर?" मी विचारलं.

ती हसली. "पूड कशाला? झाड इथेच आहे ना."

ओसरी

दुपारी आयो ओसरीवर चटई विणत बसली. केवड्याच्या जातीचं झुडूप किनाऱ्यावर दाट माजलेलं असतं. त्याच्या पानांचे काटे सुरीने उडवायचे, पानं उकळून वाळवायची आणि पट्ट्या काढायच्या. आमच्या दुकानात केवडा म्हणजे बाटलीतलं पाणी. पानाकडे मी कधी वळूनही पाहिलं नव्हतं. ती पट्टी दाताने चिरत होती, मी शेजारी बसले होते. युनूस आणि जोसेफ पायरीवर होते. उद्या ती मला वरच्या जंगलात नेणार होती. तापाची, जखमेची, बाळंतिणीची अशी कितीतरी झुडपं दाखवणार होती. माझी वही तयार होती.

का कोण जाणे, त्या वहीकडे बघूनच मला राहवलं नाही. मी तिला काळूरामची गोष्ट सांगितली. पोती, पूड, लेप, फोड, आणि दुकानात मी गप्प उभी राहिले ते.

तिने हात थांबवले नाहीत. "पानं तोडलीस कुठून?"

"कंपनीच्या कुंपणातली. माळ्याने छाटून टाकलेली."

"त्या कुंपणाला काय घालतात, विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. सोन्याचा भाव विचारावा तशी मी दुकानात प्रत्येक मुळी कुठली, कशी ते विचारून घेते. रस्त्यावर फुकट पडलेल्या ढिगाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

जोसेफ पायरीवरून म्हणाला, "आंटी, आमच्या कंपनीत माळी पाठीवर पंप लावून फवारतो. नाकाला फडकं बांधून."

 मग आयोने विचारलं, "त्या माणसाला कळलं का?"

"नाही."

तिने पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "उद्या तुला वर नेणार होते. आता नको. तू आधी त्याला सांग. झाडं कुठे जात नाहीत."

एवढं बोलून तिने पुन्हा पट्टी उचलली आणि एक टोक मला धरायला दिलं. मी ते धरून बसले. तिच्या वयाच्या बाईने मला चारचौघांत झिडकारलं असतं तर मी रडले असते किंवा भांडले असते. यातलं काहीच करता येईना. चटई मात्र बोटभर पुढे सरकली.

दोन दिवस आणखी राहिलो. वागण्यात तिच्याकडून काही उणं नव्हतं. चहा तसाच, माशाचं डोकं मलाच वाढायची. पण वाटेत एखादं अनोळखी झुडूप दिसलं तरी मी नाव विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. युनूस एका शेजाऱ्याकडे दोरी वळायला शिकले. किनाऱ्यावर एक झाड असतं, भेंडीसारखं पिवळं फूल, संध्याकाळपर्यंत लाल होऊन गळतं. त्याच्या सालीची होडीची दोरी करतात. पस्तीस वर्षं नट-बोल्ट पिळलेल्या हातांना ते काम लगेच जमलं. निघायच्या सकाळी जेट्टीवर बोटीची वाट बघताना ते अर्धवट दोरी वळत होते. अचानक म्हणाले, "गप्प बस असं मीच म्हटलं होतं तुला. मी येतो बरोबर निघोज्याला."

"नको," मी म्हणाले. "पुडी मी दिली होती."

निघोजे

चाकणला आल्यावर आधी त्या कंपनीच्या माळ्याला गाठलं. बीडकडचा माणूस, गेटजवळ नळीने पाणी घालत होता. "फवारतो की," तो म्हणाला. "पिठ्या ढेकूण पडतोय ना. दर पंधरवड्याला मारतो. छाटायच्या आदल्या दिवशी बी मारलं असंल. आमी तर हातमोजे घालूनच उचलतो तो कचरा."

तिथून निघोज्याला गेले. काळूरामचं घर गावठाणात आहे. वडिलांचं शेत होतं तिथे आता कंपनीचं गोदाम उभं आहे. दारातून त्याचा निळा पत्रा दिसतो. तो पहिल्या शिफ्टवरून नुकताच आला होता. त्याची बायको सिंधू भाकऱ्या करत होती. हात बरे झाले होते, कातडी जरा काळपट राहिली होती.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, सगळं, माळी काय म्हणाला ते सुद्धा. "मला तेव्हाच शंका आली होती. मी बोलले नाही. माझी चूक आहे."

काळूरामने दोन्ही हात उताणे करून बघितले. तव्यावरची भाकरी सिंधूने उलटलीच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती खाली उतरवली.

"पाच म्हैने मी स्टोअरला खोकी मोजतुय," तो म्हणाला. "अकरा वर्सं मशीनवर काढली. आता पोरं इचारत्यात, काळूदादा, कूलंटला भ्यालास का? सुपरवायझरशी भांडलो मी. म्हनलं, तुमचं कूलंटच खराब हाय. आन तुमी दुकानात बसून बघत व्हता."

"हो."

"व्हय म्हनून काय भाभी?"

 सिंधू पहिल्यांदाच बोलली, माझ्याशी नाही, नवऱ्याशी. "मंजी कूलंटचं न्हवतंच ते? मंग मशीनवर जाता यील का तुमास्नी?"

त्याने मान वर केली. त्याच्याही डोक्यात ते आत्ताच आलं असावं. तो उठला, खुंटीवरचा शर्ट चढवला. "चला," मला म्हणाला. "हेच त्या डाक्टरसमोर सांगा. माझ्या सांगन्यावर इस्वास न्हाई ठेवायचा तो."

त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी चाकणला आले.  चामडीच्या डॉक्टरांकडे गर्दी होती आणि तपासायच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाकावर पेठेतल्या ओळखीच्या दोन बाया बसल्या होत्या. मी आत जाऊन सांगितलं, कोयनेलची पूड, फवारलेली, रात्रभर लेप. डॉक्टरांनी चष्मा काढला. मला बरंच सुनावलं, आणि ते ऐकण्यासारखंच होतं. मग काळूरामला म्हणाले, खात्रीने आत्ता काही सांगता येणार नाही, कूलंटही असू शकतं. आधी पाठीवर पट्टी लावून कूलंटची चाचणी करू, मग बोलू. बाहेर आले तेव्हा बाकावरच्या बायांनी माझ्याकडे बघून बोलणं थांबवलं.

त्या महिन्यात दुकान थंडच राहिलं. युनूस बरण्या पुसत बसायचे. नेहमीची दोन-तीन घरं आलीच नाहीत. कुंपणातल्या पानांची पूड आता दुकानात नाही, आणि कुणी मागितली तर मी का नाही ते सांगते.

मग एका दुपारी फोन आला. मागे यंत्रांची घरघर इतकी, की पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही.

"काळूराम बोलतुय. चाचनीत कूलंट बाधत न्हाई आसं निघालं. लागलो मशीनला. आज तिसरा दिवस हाय. हात चांगलं हायेत."

मी अल्लाचे आभार मानले. त्याला काय म्हणावं ते सुचेना. तोच पुढे बोलला.

"दुकानात काय येनार न्हाई मी, भाभी. त्ये न्हाई जमायचं. पन रस्त्यात दिसलात तर थांबन."

आणि जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला म्हणून त्याने फोन ठेवला.